लोढण्याची किल्ली

द्वारकाबाईच्या जिभेला बोरधऱ्यात कुणी भीत नव्हतं, कारण ती फार बोलतच नसे. लोक भीत ते तिच्या आठवणीला. एका घरच्या लग्नात तिला पंगतीत बसवायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. त्यावर ती काही बोलली नाही. पण पुढे त्या घरच्या प्रत्येक लग्नाला ती जायची, आहेर करायची, नवरीच्या डोक्यावर अक्षता टाकायची आणि न जेवता परत यायची. ते लोक हातापाया पडले तरी तिनं त्यांच्या ताटातला घास तोडला नाही.

नवरा गेला तेव्हा मुलगी, वृषाली, मांडीवर होती. दीर म्हणाले, जमीन बटईनं देऊन टाक. तिनं दिली नाही. पदर खोचून ती स्वतः वखर हाकायला लागली. बाईमाणूस बैलांमागं चालतं म्हणून सुरुवातीला लोक शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, उभे राहून बघत. मग सवय झाली. तिचं शेत नाल्याच्या अंगाला, उताराचं. नाला पुढं जाऊन पैनगंगेला मिळतो. कापसाची पऱ्हाटी, तूर, थोडी ज्वारी, एवढ्यावर तिनं मुलीला शिकवलं, गुडीहत्नूरला चांगल्या घरी दिलं. आता घरात ती आणि दोन बैल.

एक बांड्या. संथ, समजूतदार, हाक मारली की कान हलवणारा. दुसरा चांद्या, कपाळावर पांढरा ठिपका असलेला. चांद्या कामाला वाघ होता, पण त्याला हिरव्याची चटक होती. दावं सैल दिसलं की कुंपण ओलांडून दुसऱ्याच्या शेतात. यंदा आषाढात तो यशवंतराव पटेलांच्या पऱ्हाटीत शिरला, आणि एकदा नाही, पुन्हापुन्हा शिरला. पटेलांची पऱ्हाटी तेव्हा गुडघ्याला लागली होती. ओळीच्या ओळी त्यानं भुंड्या केल्या.

यशवंतराव म्हणजे गावचे मानकरी. पटेलकी कायद्यानं कधीच गेली, पण गावाच्या तोंडून गेली नाही. त्यांनी चावडीवर चार माणसं बसवली. ठरलं ते असं: चांद्याच्या गळ्यात लोढणं बांधायचं. लोढणं म्हणजे लाकडाचा ओंडका. जनावराच्या पुढच्या पायांमधे लोंबतो, चालताना गुडघ्याला लागतो, मग त्याला पळता येत नाही आणि उडीही मारता येत नाही. द्वारकाबाईनं मान हलवली. चूक तिच्या बैलाची होती, हे तिला कबूल होतं.

पण पटेल म्हणाले, "हे बाई घरी गेली का काढून ठेवते. जीव हाय तिचा त्याच्यात." म्हणून दोरीऐवजी लोखंडी साखळी आली आणि साखळीला कुलूप. किल्ली पटेलांच्या करदोट्याला राहील. सुधाकरराव गावातले सगळ्यांत म्हातारे, रीतीभाती त्यांनाच विचारायच्या. ते म्हणाले की बोरधऱ्यात पोळ्याच्या दिवशी कोणत्याच बैलाच्या गळ्यात कामाचं दावं राहत नाही, मानकरी तोरणाखाली स्वतःच्या हातानं सोडतो. हे लोढणंही पटेलांनी त्या दिवशी तोरणाखालीच उघडावं. सगळ्यांना पटलं. ओंडका पटेलांच्याच गोठ्यातून आला, खैराचा, जुना, दगडासारखा.

पोळा पंधरवड्यावर आला आणि पावसाची झड लागली.

त्या भागातल्या लोकांना पाऊस नवा नाही. पण पैनगंगा फुगली की नाला उलटा वाहतो, आणि पाणी उलटं येतं तेव्हा आवाज करत नाही. शेतात एक चकाकी दिसते, मग ती चकाकी धुरा ओलांडते, मग अंगणात चप्पल तरंगते. दुपारची वेळ होती. मुंग्या पांढरी अंडी तोंडात धरून भिंतीवर चढत होत्या. कोंबड्या आपणहून छपरावर गेल्या होत्या. शाळेतले नागसेन गुरुजी दारोदार जाऊन सांगत होते की वर चला, शाळा उंचावर आहे, सामान राहू द्या, जनावरं सोडा.

द्वारकाबाईनं बांड्याचं दावं सोडलं. त्यानं एकदा तिच्याकडं पाहिलं आणि तो पाण्यातून संथपणे वरच्या रस्त्याला लागला. चांद्याचं दावंही तिनं सोडलं. पण गोठ्यात गुडघाभर गाळ होता आणि लोढणं त्या गाळात रुतलं होतं. चांद्या एक पाऊल टाकी आणि थांबे. तिनं कुऱ्हाड आणली. खैरावर पहिला घाव घातला तसा हात झिणझिणला, कुऱ्हाड उडून बाजूला पडली. ओंडक्यावर नुसती पांढरी रेघ उमटली.

मग ती धावत पटेलांच्या वाड्यावर गेली. ट्रॅक्टर चालू होता. पटेल आणि त्यांचा गडी भूषण ट्रॉलीत जनावरं चढवत होते. दोन जर्सी गाई, वासरं आणि पोळ्याची मानाची जोडी. ही जोडी शेतात कधी जात नसे, शेत ट्रॅक्टर नांगरायचा. पोळ्याला गावापुढं उभं करायला तेवढी ती पाळलेली होती. द्वारकाबाई चिखलानं माखली होती, धाप लागली होती. ती म्हणाली, "किल्ली द्या."

पटेल वासराची मागची बाजू ढकलत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही. "थांब जरा. आधी माह्ये जनावरं निघू दे."

ती थांबली. हे तिनं पुढं स्वतःला कधी माफ केलं नाही, की ती थांबली. किल्ली त्यांच्या सदऱ्याखाली होती. हात घालून ओढली असती तर करदोटा तुटला असता, एवढंच. पण वयानं मोठा माणूस, गावचा पटेल, त्याच्या कमरेला हात कसा घालायचा. ती पुन्हा म्हणाली, "पटेल, किल्ली." त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, त्याच शब्दांत. वासरू चढलं, फळकं लागलं, ट्रॅक्टर हलला. वरून ते म्हणाले की आलोच, सोडून आलोच. आणि ट्रॅक्टर शाळेच्या रस्त्यानं गेला.

ती परत आली तेव्हा गोठ्यात छातीभर पाणी होतं. चांद्या तरंगला होता. पोहत तो बोरीच्या कुंपणापर्यंत आला होता, अन् तिथं लोढणं फांद्यांच्या एका दुबेळक्यात अडकलं होतं. त्याचं डोकं वर होतं. तो ओढत होता, थांबत होता, पुन्हा ओढत होता. ती पाण्यात शिरली तशी नागसेन गुरुजींनी मागून तिचा दंड धरला आणि सोडला नाही. चांद्यानं हंबरडा फोडला नाही. जनावर बुडताना ओरडत नाही, श्वास जपतं. शेवटी नुसत्या नाकपुड्या दिसत होत्या, मग त्याही दिसेनात.

शाळेत सगळं गाव होतं. वर्गात माणसं, व्हरांड्यात शेळ्या, मैदानात गाईम्हशी. खिडकीच्या गजाला एक धामण गुंडाळून बसली होती आणि तिला कुणी मारत नव्हतं, तीही आपल्यासारखीच आली आहे म्हणत. बायकांना आडोसा नव्हता, त्या अंधार पडायची वाट बघत. ओली लाकडं पेटत नव्हती. वैरण भिजून तिला बुरशीचा वास सुटला, ती खाऊन जनावरं फुगली. पान्हा चोरलेल्या गाईम्हशी रेडकावासरांना लाथा मारत होत्या. तलमडुगुकडचा रस्ता पाण्याखाली, मोबाईल मेलेले. पटेलांच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लोक पाळीपाळीनं फोन लावत आणि पाहुण्यांना सांगत, आमी हावो.

खरं सांगायचं तर पटेलांनी त्या दिवसांत गावाला आधार दिला. जनावरं सोडून ते ट्रॅक्टर घेऊन पुन्हा खाली गेले होते. म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणलं, एका बाळंतिणीला खाटेसकट आणलं. आपल्या माळ्यावरची ज्वारी आणि डाळ त्यांनी शाळेच्या चुलीवर दिली. विमलबाई, त्यांची बायको, स्वतः भाकरी थापत होत्या. जो तो म्हणत होता, पटेल होते म्हणून. द्वारकाबाई कोपऱ्यात बसून ऐकत होती. कुणी तिच्यापुढं ताटली ठेवली की ती विचारायची, ज्वारी कुणाची? आणि ताटली सरकवायची. नागसेन गुरुजींनी तिला आपल्या घरचे मुरमुरे आणून दिले. ते तिनं खाल्ले.

पाणी उतरलं तेव्हा शेतं ओळखू येत नव्हती. पऱ्हाटी आडवी, तिच्यावर गाळ, गाळावर मेलेले मासे आणि कुणाच्या तरी घरचा पाळणा. घराघरांतून भिजलेल्या ज्वारीचा आंबूस वास येत होता. जिल्हा तेलुगू मुलखातला, तिथून माणसं आली, तेलुगूत बोलत मेलेली जनावरं मोजून गेली. चांद्या कुंपणापाशी नव्हता. तो खाली, नाल्याच्या वळणावर बाभळीत सापडला. झटापटीत त्याचं एक शिंग बुडापासून मोडलं होतं. ते शिंग नव्हतं म्हणूनच आता साखळी डोक्यावरून निघाली. द्वारकाबाईनं ती स्वतः काढली. कुलूप तसंच बंद होतं. चांद्याला तिनं आपल्या धुऱ्यावर पुरलं आणि लोढणं डोक्यावर घेऊन घरी आली. गोठा स्वच्छ केला. चांद्याच्या खुंट्याला लोढणं बांधलं आणि त्याच्यापुढं रोज पाण्याचं घमेलं ठेवायला लागली. बांड्या त्या ओंडक्याला हुंगायचा आणि तिच्याकडं बघायचा.

दोन दिवसांनी भूषण आला. त्याच्या हातात किल्ली होती. तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला की पटेलांनी पाठवली, म्हणाले लोढणं उघडून नाल्यात फेकून दे, झालं ते झालं, आणि तुले गोऱ्हा पायजे असंल तर आमच्या गोठ्यातून घेऊन जाय.

तिनं विचारलं, "ते कावून नाई आले?"

भूषण म्हणाला, त्यांच्या गुडघ्याला लागलं आहे.

"लोढण्यानं लागलं का?" तिनं विचारलं. भूषणनं नुसती किल्ली पुढं केली. तिनं किल्ली घेतली, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि गोऱ्ह्याचं नाव काढलं नाही.

त्या दिवसापासून तिच्या मनात एकच गोष्ट होती, आणि ती तिनं फक्त वृषालीला सांगितली. फोनवर वृषाली रडत होती, म्हणत होती आई, तू इकडं ये, पटेल वाईट माणूस नाही, सगळ्यांचंच नुकसान झालं. द्वारकाबाई म्हणाली, "वाईट हाय असं मी कुठं म्हणून राह्यली? मले काईच नको त्याइच्याकून. मी जशी किल्ली मागतली, तशी त्याइनं मले मागावी. सगळ्यायच्या समोर. बस."

वृषाली म्हणाली, त्यानं काय होईल?

"मले झोप लागंल."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतात आणि कानात सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. यंदा गावात तूप कमी आणि बैलही कमी, तरी ज्याच्या दारात बैल होता त्यानं ते केलं. पुरानंतर काहीतरी नेहमीसारखं व्हावं असं सगळ्यांनाच वाटत होतं. द्वारकाबाईनं बांड्याचा खांदा शेकला. मग उरलेलं तूप तिनं ओंडक्याला चोळलं, जिथं कुऱ्हाडीची रेघ होती तिथं जरा जास्त, आणि वाकून म्हणाली, "आज आवतन घ्या. उद्या पटेलाकडं चाला."

दुसऱ्या दिवशी मारुतीपुढच्या मैदानात तोरण लागलं. दोन उंच बासे, मधे सुतळी, सुतळीला आंब्याचे डहाळे. गाळ अजून पूर्ण वाळला नव्हता. जोड्या ओळीनं उभ्या राहिल्या. कुणाच्या झुली पुरात गेल्या होत्या, त्यांनी बायकांची लुगडी टाकली होती. सगळ्यांच्या पुढं पटेलांची जोडी, शिंगांना बेगड, डोक्यावर मखर. झडत्या सुरू झाल्या. पोळ्याला कुणीही कुणाला टोमणा मारावा, तो यमकात असावा, आणि ज्याला मारला त्यानं रागवायचं नाही, अशी रीत. सुधाकररावांनी कापऱ्या आवाजात म्हटलं,

"मखर लावून बैल आले, खांद्यावर नाई वळ,
नांगर ओढे ट्रॅक्टर, अन् पुरणाचं यायले फळ!"

हर हर महादेव झालं. लोक हसले, पुरानंतर पहिल्यांदाच मोकळे हसले. यशवंतरावही हसले.

तेवढ्यात ओळीच्या शेवटाकडून लोक बाजूला सरायला लागले. द्वारकाबाई येत होती. उजव्या हातात बांड्याचा कासरा. बांड्याच्या गळ्यात दाव्याशिवाय आणखी एक दोरी, आणि त्या दोरीला, जिथं चांद्या चालायचा त्या बाजूला, लोढणं. लोढणं धुतलेलं होतं. त्याला हिंगूळ लावला होता. चांद्याची झूल त्याच्यावर घातली होती, चांद्याची घागरमाळ गुंडाळली होती. चिखलातून ते घसटत येत होतं आणि दर पावलाला घुंगरू वाजत होते. हसू थांबलं.

एकजण म्हणाला की बाईनं जोडी तोरणाखाली आणायची नसते. दुसरा म्हणाला, ही जोडी तरी आहे का. द्वारकाबाई सुधाकररावांकडं बघत राहिली.  मग ते म्हणाले की चावडीवर मीच बोललो होतो, लोढणं पोळ्याला तोरणाखाली उघडलं जाईल. ठरलेलं आहे. येऊ द्या.

मानकऱ्यानं प्रत्येक जोडीचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं, गळ्यातलं दावं सोडायचं, आणि सगळ्या जोड्या झाल्या की मानाची जोडी पुढं जाऊन तोरण तोडते. त्याआधी कुणी हलत नाही. यशवंतराव ताट घेऊन एकेक जोडी करत आले. द्वारकाबाईपर्यंत पोचले. त्यांनी बांड्याचे पाय धुतले, त्याचं दावं सोडलं. दुसऱ्या बाजूला बघितलं आणि पुढं जायला निघाले.

"जोडी हाय, पटेल," द्वारकाबाई म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण मैदानात तेवढाच होता. यशवंतराव खाली बसले. त्यांचा गुडघा खरंच दुखत असावा, कारण त्यांना जमिनीला हात टेकावा लागला. त्यांनी ओंडक्यावर पाणी घातलं, कुंकू लावलं. साखळी हातात घेतली. कुलूप गंजून लाल झालं होतं. सवयीनं त्यांचा हात सदऱ्याखाली कमरेला गेला, तिथं काही नव्हतं, आणि हात तिथंच राहिला.

मग त्यांनी वर पाहिलं. तिच्या पदराची गाठ बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

"किल्ली दे," ते म्हणाले.

तिनं ऐकू न आल्यासारखं केलं. चिखलात बसलेले पटेल, हातात साखळी, आणि सगळं गाव बघत असलेलं. त्यांचा चेहरा उतरला होता. ते पुन्हा म्हणाले, आता हळू, "द्वारकाबाई, किल्ली दे ना."

"थांबा जरा," ती म्हणाली. "आधी माह्यं जनावर निघू द्या."

हे शब्द कुणाचे ते गावात दोघांनाच पुरते माहीत होते, आणि भूषणला. पण यशवंतरावांच्या तोंडाकडं बघून सगळ्यांना कळलं. द्वारकाबाईनं लोढण्याची दोरी सोडली, बांड्याचा कासरा धरला आणि ओळीतून बाहेर पडून सरळ पुढं चालायला लागली. मानाच्या जोडीच्या पुढून. कुणी तिला अडवलं नाही. बांड्यानं तोरणाखाली पोचल्यावर मान वर केली, शिंग सुतळीत अडकलं, त्यानं एक झटका दिला. आंब्याचे डहाळे त्याच्या पाठीवर पडले.

तोरण तुटलं की जोड्या धावतात, त्यांना कुणी सांगावं लागत नाही. सगळ्या जोड्या एकदम निघाल्या. चिखल उडाला. मानाची जोडी गोंधळून जागीच उभी राहिली आणि तिचं मखर वाकडं झालं. गर्दी ओसरली तेव्हा यशवंतराव अजून तिथंच बसले होते, साखळी मुठीत धरून.

संध्याकाळी बैल घरोघरी फिरवतात. बैल दारी आला की त्याला परत पाठवत नाहीत. द्वारकाबाईनं एकही दार सोडलं नाही, आणि पटेलांचंही सोडलं नाही. विमलबाई बाहेर आल्या. बांड्याचे पाय धुतले, त्याला पुरणाचा घास दिला. मग बांड्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेत त्यांनी उरलेलं पाणी ओतलं. ओतताना त्यांनी मान वर केली नाही.

"झालं का मनासारखं?" त्यांनी विचारलं.

"अर्धं," द्वारकाबाई म्हणाली.

"अन् किल्ली?"

द्वारकाबाईनं पदर कमरेला खोचला आणि बांड्याला हाक दिली.

लोढणं अजून मारुतीपुढं, तोरणाच्या बाशाजवळ पडलेलं आहे. तोरणाखाली पूजलेलं, म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. भूषण म्हणाला होता की कटरनं कुलूप क्षणात कापता येईल. यशवंतरावांनी त्याला तसं करू दिलं नाही. ते देवळात आले की आधी त्याच्याकडं बघतात आणि मग देवाकडं. किल्लीसाठी त्यांनी दोनदा निरोप पाठवला. द्वारकाबाईनं दोन्ही वेळा निरोप्याला बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, थांबा म्हणावं जरा.

पोळ्याच्या रात्री मात्र तिला झोप लागली होती. वृषालीला तिनं सकाळी फोन करून सांगितलं की लागली, गाढ लागली.